लॅपटॉपचे फर्मवेअर अपडेट आणि वॉरंटीतील दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फर्मवेअर म्हणजे नेमके काय?

लॅपटॉपचे बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स सुरू होण्याच्या आधी जो प्रोग्रॅम चालतो, तो मदरबोर्डवरील एका लहानशा फ्लॅश चिपमध्ये साठवलेला असतो. प्रोसेसर, रॅम, कीबोर्ड आणि डिस्क ओळखून त्यांना कामाला लावणे व मग सूत्रे ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती देणे, हे त्याचे काम. आजच्या लॅपटॉपमध्ये हा प्रोग्रॅम यूईएफआय या नव्या प्रकारचा असतो. पण ग्राहक, दुकानदार आणि खुद्द कंपन्याही त्याला बायोस या जुन्या नावानेच ओळखतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे. डिस्क फॉरमॅट केल्याने बायोस पुसला जात नाही. उलट बायोस बिघडला तर डिस्क शाबूत असूनही लॅपटॉप सुरू होत नाही.

बायोसशिवाय लॅपटॉपमध्ये आणखीही फर्मवेअर असते. पंखा आणि चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचे वेगळे, एसएसडीचे (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचे) वेगळे, थंडरबोल्ट पोर्टचे (यूएसबी-सी आकाराच्या वेगवान पोर्टचे) वेगळे. या दुय्यम फर्मवेअरकडे दुर्लक्ष करणे किती महाग पडू शकते, याचे उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये समोर आले. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने आपल्या सर्व्हरमधील काही एसएसडींबाबत असे जाहीर केले की, फर्मवेअरमधील दोषामुळे त्या ३२,७६८ तास, म्हणजे सुमारे पावणेचार वर्षे चालल्यावर कायमच्या बंद पडतील आणि त्यांतील माहितीही परत मिळणार नाही. उपाय एकच होता : तेवढे तास भरण्याआधी फर्मवेअर अपडेट करणे.

लॅपटॉप व्यवस्थित चालत असेल तर बायोस अपडेट करावेच का?

चालणाऱ्या यंत्राला हात लावू नये, हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला बायोसच्या बाबतीत पुष्कळ वर्षे योग्यच होता, कारण अपडेटमधून मिळण्यासारखे फार थोडे आणि गमावण्यासारखे सगळे, अशी स्थिती होती. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधील त्रुटी उघड झाल्या, त्यांवरील उपायांचा एक भाग बायोस अपडेटमधून द्यावा लागला, आणि तेव्हापासून हे गणित बदलले. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल ही त्रुटी समोर आली. लॅपटॉप सुरू होताना दिसणारे कंपनीचे बोधचिन्ह ज्या कोडने दाखवले जाते, त्याच कोडमधून घातक प्रोग्रॅम आत शिरू शकतो, असे तिचे स्वरूप होते. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रोग्रॅम चालू देणारी व्यवस्था, ज्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या प्रमाणपत्रांवर चालते, त्यांची मुदत जून २०२६ पासून टप्प्याटप्प्याने संपते. नवी प्रमाणपत्रे विंडोज अपडेटमधून येतात. परंतु काही जुन्या लॅपटॉपना ती नीट स्वीकारता यावीत म्हणून आधी बायोस अपडेट करावे लागते.

सुरक्षेखेरीज थेट हार्डवेअर वाचवणारे अपडेटही असतात. लेनोव्होने २०१९ मध्ये २०१७ ते २०१९ या काळातील अनेक थिंकपॅड मॉडेलांसाठी थंडरबोल्ट फर्मवेअरचा अपडेट अत्यावश्यक म्हणून जाहीर केला होता. तो न केल्यास यूएसबी-सी पोर्ट हळूहळू निकामी होत. चार्जिंग थांबे, बाहेरचा मॉनिटर लागत नसे, आणि एकदा बिघाड पक्का झाला की मदरबोर्ड बदलण्यापर्यंत वेळ येई. ज्यांनी वॉरंटी चालू असताना अपडेट केला किंवा तक्रार नोंदवली, त्यांचे निभावले. वॉरंटी संपल्यावर ज्यांना हे कळले, त्यांच्यासाठी तो मोठा खर्च होता.

मात्र अपडेट आला त्याच दिवशी तो केला पाहिजे असे नाही. त्याच जानेवारी २०१८ मध्ये पहिल्या घाईच्या उपायांमुळे संगणक आपोआप रीस्टार्ट होऊ लागले आणि इंटेलला तो अपडेट पुढे वाटू नका, असे कंपन्यांना सांगावे लागले. म्हणून अपडेटसोबतची टिपणी वाचावी. तीत गंभीर सुरक्षा त्रुटीचा किंवा हार्डवेअर निकामी होण्याचा उल्लेख असेल तर विलंब करू नये. केवळ नव्या प्रोसेसरला आधार किंवा किरकोळ सुधारणा असे लिहिले असेल तर दोन-तीन आठवडे थांबण्यात काहीच बिघडत नाही. पण वॉरंटीची मुदत संपत आली असेल, तर प्रलंबित अपडेट मुदतीच्या आतच उरकून घ्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुदतीच्या आत अपडेट फसला तर तो कंपनीचा प्रश्न असतो. मुदतीनंतर तो तुमचा होतो.

अपडेट कोठून घ्यावा?

लॅपटॉप ज्या कंपनीचा आहे तिच्याच अधिकृत संकेतस्थळावरून, तिच्या लॅपटॉपमध्ये दिलेल्या ॲपमधून किंवा विंडोज अपडेटमधून. सध्याची बायोस आवृत्ती विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशन या खिडकीत तारखेसह दिसते. एकाच नावाच्या मालिकेत वेगवेगळे मदरबोर्ड असू शकतात, म्हणून नावावरून शोधण्याऐवजी तळाशी छापलेला सिरियल नंबर, किंवा डेलच्या बाबतीत सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग, टाकून शोधावे. लिनक्स वापरणाऱ्यांना डेल, लेनोव्हो, एचपी यांच्या अनेक मॉडेलांसाठी एफडब्ल्यूयूपीडी या साधनातून थेट अपडेट मिळतो. ॲपलच्या मॅकबुकमध्ये फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटबरोबरच येते. ते वेगळे शोधावे लागत नाही.

सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये, असे आश्वासन देणारे प्रोग्रॅम आणि अनोळखी ठिकाणच्या बायोस फाइल यांच्या वाटेला जाऊ नये.

अपडेटच्या आधी कोणती तयारी करावी?

अडॅप्टर जोडलेला असावा आणि बॅटरीतही पुरेसा चार्ज असावा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर घ्यावी. तारीख, जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती यांची नोंद करावी, शक्य असल्यास मोबाइलवर फोटो काढून. पुढे वॉरंटीचा वाद उद्भवला तर ही साधी नोंद फार उपयोगी पडते.

परंतु सर्वांत जास्त लोक अडकतात ते बिटलॉकरमध्ये, म्हणजे किल्लीशिवाय डिस्क वाचता येऊ नये यासाठी विंडोजने घातलेल्या कुलुपात (एन्क्रिप्शनमध्ये). विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताच डिस्कचे एन्क्रिप्शन आपोआप सुरू होते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. डिस्क उघडण्याची किल्ली टीपीएम या सुरक्षा घटकात असते आणि बायोस बदललेला दिसला की टीपीएम ती द्यायला नकार देतो. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर कंपनी, सर्व्हिस सेंटर किंवा मायक्रोसॉफ्ट यांपैकी कोणीही डिस्कमधील माहिती उघडून देऊ शकत नाही. म्हणून अपडेटपूर्वी आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की दिसते का, हे पाहून ती कागदावर उतरवून ठेवावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. लॅपटॉप मुलाच्या, दुकानदाराच्या किंवा ऑफिसच्या खात्यावर सुरू केलेला असेल, तर की त्या खात्यात असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

अपडेट चालू असताना स्क्रीन काळी पडली किंवा लाईट गेली तर?

लाईट गेल्याने लॅपटॉपचे सहसा काही बिघडत नाही, कारण बॅटरी त्याला सांभाळून घेते. डेस्कटॉपला मात्र यूपीएस हवाच. ज्या लॅपटॉपची बॅटरी पूर्ण निकामी झाली आहे आणि जो केवळ अडॅप्टरवर चालतो, त्याचा बायोस बॅटरी बदलल्याशिवाय अपडेट करू नये.

अपडेटदरम्यान स्क्रीन काही मिनिटे काळी राहणे, पंखा पूर्ण वेगाने फिरणे, लॅपटॉप दोन-तीन वेळा आपोआप बंद होऊन सुरू होणे, हे सारे अपेक्षित आहे. अनेक लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना रॅमची नव्याने जुळणी करतात आणि त्यातही वेळ जातो. बहुतेक बिघाड अपडेटमुळे होत नाहीत, तर या काळ्या पडद्याला घाबरून पॉवर बटण दाबून धरल्यामुळे होतात. किमान अर्धा तास हात न लावता थांबावे.

अपडेटनंतर लॅपटॉप सुरूच होत नाही. आता काय करावे?

प्रथम अडॅप्टर काढून पॉवर बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे, मग अडॅप्टर जोडून पुन्हा प्रयत्न करावा. त्याने भागले नाही तर बायोस रिकव्हरीचा मार्ग असतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत विंडोज आणि बी ही बटणे दाबून धरून पॉवर बटण दाबल्यास, तर डेलच्या बऱ्याच मॉडेलांत कंट्रोल आणि एस्केप दाबून धरून अडॅप्टर जोडल्यास, रिकव्हरी सुरू होते. काही लॅपटॉपना यासाठी कंपनीने सांगितलेल्या नावाची फाइल असलेला पेन ड्राइव्ह लागतो. ॲपलच्या चिपवरील मॅकबुक दुसऱ्या मॅकला केबलने जोडून पूर्ववत करता येते.

एवढ्याने काम झाले नाही तर लॅपटॉप उघडू नये. वॉरंटीत असल्यास थेट तक्रार नोंदवावी.

बायोस अपडेट केल्याने वॉरंटी रद्द होते का?

नाही. कंपनीने आपल्या त्याच मॉडेलसाठी दिलेला अपडेट, तिने सांगितलेल्या पद्धतीने केला, तर त्याने वॉरंटी रद्द होण्याचे कारण नाही, आणि तो फसला तर मुदतीच्या आत मदरबोर्ड दुरुस्त करणे किंवा बदलणे ही कंपनीचीच जबाबदारी धरली जाते. फेरफार केलेला बायोस टाकणे किंवा दुसऱ्या मॉडेलची फाइल जबरदस्तीने घालणे, हा मात्र वॉरंटीबाहेरचा प्रकार आहे.

बिघाड विंडोजचा आहे की हार्डवेअरचा, हे घरी कसे ओळखावे?

सर्वांत सोपी कसोटी अशी की, विंडोज सुरू होऊ न देता बायोसच्या सेटिंगमध्ये जावे आणि तेथे थोडा वेळ थांबावे. स्क्रीनवरील रेषा तेथेही दिसत असतील, लॅपटॉप तेथेही आपोआप बंद पडत असेल, तर विंडोज पुन्हा टाकून काहीही साध्य होणार नाही. एचपीत एफ-२, डेलमध्ये एफ-१२ आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलांत एफ-१० दाबून कंपनीची चाचणी चालवता येते. तिच्यात चूक आढळली तर एक कोड दिसतो. त्याचा फोटो काढावा, कारण फोनवरच्या तासाभराच्या चर्चेपेक्षा तो कोड तक्रार लवकर पुढे नेतो.

बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल किंवा तळ उघडू लागला असेल, तर यांपैकी कोणतीच चाचणी करत बसू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जिंग थांबवावे आणि सर्व्हिस सेंटरला तसे स्पष्ट सांगावे.

प्रत्येक तक्रारीला ‘आधी बायोस अपडेट करा’ असेच उत्तर मिळते. ही टाळाटाळ आहे का?

पहिल्यांदा नाही. चार्जिंग, पंखा, झोपेतून न उठणे, डॉकला (अनेक पोर्ट देणाऱ्या बाहेरच्या उपकरणाला) जोडल्यावर मॉनिटर न दिसणे, असे दोष खरोखरच फर्मवेअरमुळे दूर होतात, आणि अपडेट न करता आलेला लॅपटॉप तपासताना सर्व्हिस सेंटरही तेच आधी करते. पण अपडेट करूनही दोष राहिला, विंडोज पुन्हा टाकूनही राहिला, तरी तोच सल्ला मिळत असेल, तर त्याला टाळाटाळच म्हणावे लागेल. तुटलेला बिजागर, निकामी कळा, स्क्रीनवरील डाग यांवर कोणताही बायोस इलाज करत नाही.

अपडेटची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण डेस्कटॉपचे आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याच्या तक्रारी आल्या. प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असल्याचे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केले आणि ऑगस्टमध्ये बायोसमधून उपाय दिला. मात्र हा अपडेट पुढील हानी टाळतो, आधीच खराब झालेला प्रोसेसर बरा करत नाही, हेही तिने सांगितले, आणि म्हणून त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून बदलून देण्याची व्यवस्था केली. कॉल सेंटरशी बोलताना हाच भेद धरून ठेवावा. आपण अपडेट कधी केला, कोणती आवृत्ती टाकली आणि त्यानंतर दोष पुन्हा केव्हा दिसला, हे ईमेलवर लिहून केस नंबर घ्यावा.

वॉरंटीची मुदत कोणत्या तारखेपासून धरली जाते?

बिलाच्या तारखेपासून. परंतु कंपनीच्या संगणकात अनेकदा कारखान्यातून किंवा वितरकाकडून माल बाहेर पडल्याची तारीख असते, आणि दुकानात काही महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपची मुदत त्यामुळे आधीच कमी दिसते. खरेदीनंतर लगेच सिरियल नंबर टाकून संकेतस्थळावर मुदत तपासावी आणि ती चुकीची असल्यास बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी. हे पहिल्या आठवड्यात चुटकीसरशी होते, अकराव्या महिन्यात त्यासाठी भांडावे लागते. बिलावर सिरियल नंबर छापलेला असणेही आवश्यक आहे.

ऑनसाइट वॉरंटीत तंत्रज्ञ घरी येतो. कॅरी-इन वॉरंटीत लॅपटॉप घेऊन आपल्याला जावे लागते. शहरापासून दूर राहणाऱ्यांनी खरेदीच्या वेळी थोडे जास्त पैसे मोजून ऑनसाइट घ्यावी, कारण तालुक्याच्या गावाहून सर्व्हिस सेंटर असलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी दोनदा हेलपाटा घालण्याचा खर्च आणि वेळ त्याहून अधिक होतो. लॅपटॉपला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्षाची असते, हेही आधीच पाहून घ्यावे.

कोणत्या कारणांनी वॉरंटी नाकारली जाते?

पाणी किंवा चहा सांडणे, पडल्याने आलेली खोक, व्होल्टेजमधील चढउतार, अनधिकृत ठिकाणी केलेली दुरुस्ती ही ठरलेली कारणे आहेत. अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घेतलेले असेल तरच त्यांतील काही भरून मिळतात. कोकण आणि गोव्यात पावसाळ्यातील दमटपणामुळे बोर्डवर धरलेला गंज ‘पाणी गेले’ या सदरात ढकलला जाण्याची शक्यता असते. अशा वेळी केवळ तोंडी नकार स्वीकारू नये. बोर्डवर नेमक्या कोणत्या जागी काय आढळले, याचे फोटो आणि लेखी अहवाल मागावा.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप देताना काय काळजी घ्यावी?

जॉबशीट, म्हणजे लॅपटॉप ताब्यात घेताना सेंटर देते ती पावती, वाचल्याशिवाय सही करू नये. तिच्यावर सिरियल नंबर, तक्रारीचे वर्णन, सोबत दिलेला अडॅप्टर आणि लॅपटॉपवर आधीपासून असलेले ओरखडे यांची नोंद हवी. लॅपटॉपचे चारही बाजूंनी फोटो काउंटरवरच काढावेत. ‘चालत नाही’ असे मोघम लिहू न देता ‘चार्जिंगला लावल्यावर दहा मिनिटांनी बंद पडतो’ असे नेमके लिहून घ्यावे, नाहीतर ‘तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत येतो.

माहितीची जबाबदारी कोणतीही कंपनी घेत नाही. डिस्क वेगळी काढता येत असेल आणि बिघाडाचा तिच्याशी संबंध नसेल, तर ती काढून ठेवता येईल का, हे विचारावे. ज्या लॅपटॉपमध्ये स्टोरेज मदरबोर्डवरच जोडलेले असते, त्याचा मदरबोर्ड बदलला की माहितीही जाते. विंडोजचा नेहमीचा पासवर्ड देण्याऐवजी वेगळे तात्पुरते खाते तयार करून द्यावे.

मदरबोर्ड बदलून आल्यावर काय तपासावे?

बायोसमध्ये दिसणारा सिरियल नंबर तळाशी छापलेल्या नंबराशी जुळतो का, हे काउंटरवरच पाहावे. तंत्रज्ञाने नव्या बोर्डमध्ये तो नोंदवला नाही, तर पुढच्या तक्रारीच्या वेळी तुमचा लॅपटॉप कंपनीच्या नोंदीत सापडत नाही. विंडोज ॲक्टिव्हेट असल्याचीही खात्री करावी, कारण लायसन्सची नोंद बोर्डशी बांधलेली असते. टीपीएम बदलल्याने बिटलॉकरची रिकव्हरी की येथेही मागितली जाईल. बदललेला भाग नवा असेलच असे नाही. नव्यासारखा तपासलेला भाग वापरण्याची मुभा बहुतेक कंपन्या आपल्या अटींत राखून ठेवतात.

दुरुस्ती महिनोन्महिने रखडली, किंवा तोच दोष पुन्हा पुन्हा आला तर?

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सर्व जॉबशीट जोडून ईमेल करावा. खरेदी ऑनलाइन असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढणे अपेक्षित आहे. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण पुष्कळ प्रकरणे तिच्या मध्यस्थीनेच सुटतात.

तरीही न सुटल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते, आणि ५ लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. म्हणजे जवळपास कोणताही लॅपटॉप यात बसतो. कंपनीचे मुख्यालय बंगळुरूला असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. उपकरणाची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक नसल्यास तीन महिन्यांत व आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो; प्रत्यक्षात अधिक काळ लागतो हे गृहीत धरावे. व्यापारी उपयोगासाठी केलेली खरेदी या कायद्यात सहसा बसत नाही. स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरण्याच्या वस्तूला मात्र त्यात सूट आहे.

मदत क्रमांक इंटरनेटवर शोधला आणि समोरच्याने स्क्रीन शेअर करायला सांगितली. ते खरे असते का?

कंपन्यांच्या नावाने खोटे हेल्पलाइन नंबर पसरवणे हा फसवणुकीचा जुना प्रकार आहे. नंबर फक्त कंपनीच्या संकेतस्थळावरून किंवा वॉरंटीच्या कागदावरून घ्यावा. वॉरंटीतील दुरुस्तीसाठी यूपीआयने आगाऊ रक्कम मागितली तर फोन ठेवावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

अमेरिकेहून किंवा दुबईहून आणलेल्या लॅपटॉपला भारतात वॉरंटी मिळते का?

काही मॉडेलांना मिळते. आंतरराष्ट्रीय वॉरंटी असली तरी ते मॉडेल भारतात विकले जात नसेल तर सुटे भाग उपलब्ध नसतात, आणि काही कंपन्या आधी देश बदलून नोंद करायला लावतात. नातेवाइकांकडून मागवण्यापूर्वी मॉडेल क्रमांक टाकून भारतातील स्थिती तपासावी आणि मूळ बिल मागून घ्यावे.

वॉरंटी संपल्यावर बायोस बिघडला तर मदरबोर्डच बदलावा लागतो का?

कंपनीचे सर्व्हिस सेंटर बहुधा तेच सांगेल, आणि त्याचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जाऊ शकतो. परंतु बिघाड केवळ बायोसच्या मजकुरात असेल, तर चिप लेव्हल काम करणारा (बोर्डवरील सुट्या चिप दुरुस्त करणारा) कारागीर प्रोग्रॅमर नावाचे उपकरण जोडून चिपमध्ये तो पुन्हा लिहू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे काम करणारे मिळतात. त्याला दोन गोष्टी आधी विचाराव्यात. पहिली, चिप १.८ व्होल्टची आहे का, कारण स्वस्त प्रोग्रॅमर ३.३ व्होल्ट देतात आणि त्याने ती जळू शकते. दुसरी, नवा मजकूर लिहिण्याआधी तो जुन्याची प्रत काढून ठेवणार आहे का. सिरियल नंबर आणि विंडोजचे लायसन्स त्या जुन्या मजकुरातच असते, आणि इंटरनेटवरून उतरवलेली दुसऱ्याच लॅपटॉपची फाइल टाकली तर ते परत मिळत नाही. काम झाल्यावर ती जुनी प्रत पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी.